पैसे परत द्या, पण कुणाच्या पदरचे?

ग्राहक नाराज झाला आणि त्याची तक्रार खरी असली, तर त्याचे पैसे परत करावेत याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो हे पैसे कुणाच्या पदरचे जातात याबद्दल.

इमारतींच्या बाहेरच्या भिंती, कंपाउंड, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, सोलरच्या काचा धुऊन देण्याचा धंदा सातारा-सांगलीकडे आमच्या डोळ्यांदेखत वाढला. ठेका पुरुषाच्या नावावर, प्रेशरचे मशीन पुरुषाच्या हातात, परांचीवर पुरुष. खाली काथ्या आणि ब्रश घेऊन घासणाऱ्या, पाणी ओढणाऱ्या, गाळ भरणाऱ्या मात्र बाया. हजेरी पुरुषाच्या निम्म्याहून थोडी जास्त, एवढाच काय तो फरक कमी झालेला. घरमालकाने बिलातले दोन हजार कापले की शनिवारच्या वाटपात पहिली कात्री लागते ती या खालच्या बायांना. मशीनचे भाडे, पेट्रोल, मुकादमाचा वाटा, ठेकेदाराचा नफा, सगळे शाबूत राहते. ठेकेदार याला ‘भरपाई’ म्हणतात. मी याला चोरी म्हणते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी ओसरल्यावर शहरात आठवडेच्या आठवडे नुसता गाळ. आमच्या ओळखीच्या बायांच्या टोळ्या मिरज तालुक्यातून, कराडकडून तिथे गेल्या. घरामागे उक्ता दर ठरला होता, तो ठेकेदाराने ठरवला. भिंती घासून, धुऊन स्वच्छ झाल्या, मालकाने मान डोलावली. ओली भिंत नेहमीच स्वच्छ दिसते. ती वाळल्यावर पाण्याच्या पातळीची तपकिरी रेघ पुन्हा दिसू लागली, आणि काही आठवड्यांनी त्याखाली पांढरा लोणा फुटला. वीट आणि गिलावा पाणी पितात. ते पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येते. ही रेघ आणि हा लोणा जगातला कुठलाही ब्रश एका दिवसात कायमचा काढू शकत नाही. हे ठेकेदाराला ठाऊक होते. त्याने ते मालकाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर काम दुसऱ्याला गेले असते. मग मालकाने पैसे अडवले आणि ठेकेदाराने बायांचे तीन दिवसांचे पैसे अडवले. त्यातली एक मला म्हणाली, “ताई, भिंत मी घासली. पूर काय मी आणला व्हता?” जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हाही हेच घडले.

बाहेरच्या सफाईतल्या तक्रारी बहुतेक अशाच असतात. खिडकीच्या ग्रिलखाली गंजाचे ओघळ राहतात, कारण गंज आत मुरलेला असतो. उसाच्या पट्ट्यातल्या क्षारपड गावात बोअरच्या पाण्याने सोलरची काच धुतली की वाळल्यावर पांढरे डाग पडतात. पाणी मालकाचे, खापर बाईवर. जुन्या डिस्टेंपरवर प्रेशर मारले की रंगाचे पापुद्रे उडतात; मशीन चालवणारा पुरुष, कपात मात्र सगळ्यांची. एका ठिकाणी तर ठेकेदाराने डाग लवकर जावेत म्हणून शहाबादी फरशीवर अॅसिड ओतायला लावले. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. अॅसिड त्याला खाते. फरशीची झिलई गेली, बायांच्या बोटांची कातडी गेली. मालकाला पैसे परत मिळाले. ते योग्यच झाले. ते बायांच्या हजेरीतून गेले, आणि बोटांना लावायच्या मलमाचे पैसेही त्यांचेच.

कायदा काय म्हणतो? २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधी १९३६ चा कायदा होता आणि या बाबतीत दोहोंचा गाभा सारखाच. मजुरीतून कशासाठी कापता येते त्याची यादी तिथे दिलेली आहे. ‘ग्राहक नाराज झाला’ हे कारण त्या यादीत नाही. ताब्यात सोपवलेल्या वस्तूचे नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झाले असेल तर कापता येते. पण तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच, आणि नुकसानाच्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त नाही. शनिवारी संध्याकाळी जीपच्या बोनेटवर वही ठेवून जे कापले जाते, त्यात कुणाचे म्हणणे कोण ऐकतो? ग्राहक संरक्षण कायद्यानेही ग्राहकाचे भांडण आहे ते सेवा देतो म्हणून पैसे घेणाऱ्याशी. नफा घेताना जो मालक असतो, त्याने परतफेडीच्या वेळीही मालकच राहावे, एवढीच मागणी आहे.

इथे काही मैत्रिणी म्हणतील, मग ग्राहकाला कशाला एवढी किंमत द्यायची, बंगलेवालेच ते. हे मला मान्य नाही. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या, तेव्हा त्या ग्राहक म्हणूनच उतरल्या होत्या. पैसे मोजून खराब माल घेणार नाही, हे आपणच शिकवले. शिवाय फोन करणारी बहुधा त्या घरातली वहिनीच असते. दिवाळीआधी किंवा लग्नाआधी तिने साठवलेल्या पैशातून भिंत धुऊन घेतलेली असते, आणि डाग राहिला तर नवऱ्याची बोलणी तीच खाते. तिचा राग खोटा नाही. काम वाईट झाले असेल तर ते आपल्या बायांनी केले म्हणून चांगले ठरत नाही. पण तिचा राग आणि घासणारीची मजुरी यांच्यामध्ये जो माणूस उभा आहे, तो अशा वेळी दोघींनाही दिसेनासा होतो.

आता आपल्या घरातले बोलू. ठेकेदाराला टाळून काही बचत गटांनी हे काम स्वतः घ्यायला सुरुवात केली, याचा मला आनंद आहे. पण तिथेही प्रशिक्षणाला येणारे साहेब ‘ग्राहक हाच देव’ हा पाठ देऊन जातात. गांधीजींच्या नावावर दुकानादुकानांत लावलेली ती पाटीही दाखवतात (ते वाक्य त्यांच्या लिखाणात सापडत नाही, ही गोष्ट वेगळी). मग अध्यक्षबाई तक्रार आली की घाबरून पैसे परत करतात आणि ज्या दोघींनी ते घर केले त्यांच्या वाट्यातून कापतात. गटात त्या भागीदार, म्हणून वेतनाचा कायदाही त्यांच्या मदतीला येत नाही. हे सबलीकरण नव्हे. आपल्यातल्याच एकीला ठेकेदार केले, एवढेच झाले. आणि ज्यांच्या वाट्यातून कापले जाते त्या कोण? बहुतेक एकट्या, टाकलेल्या, विधवा. ज्या सांगली जिल्ह्यात परित्यक्तांनी स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मागायला मोर्चे काढले, तिथे हे व्हावे?

आमच्या काही गटांनी वेगळी रीत धरली आहे. कामाआधी भिंत मालकासमोर पाहायची, उडालेला रंग, लोणा, गंज, भेगा मोबाईलवर टिपून घ्यायच्या. कोपऱ्यात हातभर जागा धुऊन दाखवायची, आणि ती वाळल्यावरच, म्हणजे दुसऱ्या दिवशी, दर बोलायचा. काय निघेल आणि काय निघणार नाही ते चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या. तक्रार आली तर आधी तेवढा भाग पुन्हा करून द्यायचा. तरी जमले नाही तर तेवढ्याच भागाचे पैसे परत. आपल्या हातून वस्तू खराब झाली असेल तर भरपाई पुरी. हे पैसे येतात प्रत्येक बिलातून बाजूला काढलेल्या पाच टक्क्यांतून. कुणाच्याही वाट्याला हात लागत नाही. अॅसिडला सक्त मनाई. ब्लीचिंग पावडरीबरोबर तर कधीच नाही, त्यातून निघणारा वायू छाती जाळतो.

आणि एक नियम सर्वांत महत्त्वाचा: तक्रार पाहायला एकटी बाई जाणार नाही. “काम नीट झालं नाही, त्या कालच्या बाईला पाठवून दे” असा फोन आला की ठेकेदार तिला मुकाट्याने पाठवतो. काय अनुभव येतात ते बाया पारावर सांगत नाहीत, बैठकीत शेवटी दार लावल्यावर सांगतात. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे, आणि असंघटित बायांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती आहे. सातारा आणि सांगलीत ती कुठे बसते हे आपल्या किती गटांना ठाऊक आहे? पैसे परत हवेत म्हणून नव्हे, बाई परत हवी म्हणून केलेली तक्रार ओळखायला शिकले पाहिजे.

बायांना चिठ्ठ्या, टक्के, हिशेब जमणार नाहीत, असे म्हणणारे भेटतातच. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायांनी बँक मागितली तेव्हा त्या निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी विचारा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पाच टक्के त्यापुढे काय!

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पाच टक्के धरले की दर वाढतो आणि कमी दराचा ठेकेदार काम घेऊन जातो. जातो. पण तो स्वस्त का असतो? परतफेडीचा धोका त्याने दरात धरलेलाच नसतो, तो बायांच्या हजेरीत धरलेला असतो. म्हणून गटांनी एकेकट्याने दर ठरवू नयेत. दोन्ही जिल्ह्यांतल्या गटांनी पावसाळा संपायच्या आत, भिंतींवरचे शेवाळ काढायची कामे निघण्याआधी, एकत्र बसून तळाचा दर ठरवावा आणि चिठ्ठीचा नमुना एकच छापून घ्यावा. ठेकेदाराकडे जाणाऱ्या बायांनाही तोच नमुना द्यावा. कामावर चढण्याआधी त्याच्या मागच्या बाजूवर ठेकेदाराची सही घ्यायची, की ग्राहकाने कापलेले पैसे हजेरीतून कापले जाणार नाहीत.