नांगराची खबर

आम्ही गोवेकर चोर्ला घाट चढून बेळगावला जातो ते बहुधा बाजाराला. पण एका मराठी नियतकालिकाची मुळं याच गावात आहेत, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान इथलंच. लोखंडी नांगरही त्यांनी इथंच घडवला. पण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत! माल तयार होता, विश्वास नव्हता. 1910 साली कारखाना औंध संस्थानात, किर्लोस्करवाडीला गेला आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. यंत्राची गोष्ट सांगणारं, कारखान्याचं घरचं पत्र.

पुढं काय झालं ते ठाऊकच आहे. कथा आल्या, लेख आले, नावातली 'खबर' गळाली. 1930 साली 'स्त्री', 1934 साली 'मनोहर'. मराठी घरांना या मासिकांनी पुष्कळ दिलं, यात वाद नाही. पण वाङ्मय वाढलं तसा नांगर मागं पडला.

आता दुसरं टोक पाहा. अमेरिकेत 1990 साली अॅडम आणि टोन्या एंग्स्ट या जोडप्यानं मॅकिंटॉश संगणकाविषयी 'टिडबिट्स' हे साप्ताहिक पत्र सुरू केलं, तेही कागदाशिवाय. कंपनीचं नव्हे, स्वतःचं. 1992 साली प्रायोजक घेतले, 2011 पासून वाचकांकडून ऐच्छिक वर्गणी. साधनं बदलली, विषय सोडला नाही.

फरक कुठं आहे? 'खबर' कितीही प्रामाणिक असली तरी आपलाच नांगर वाईट आहे असं ती कसं लिहिणार? टिडबिट्सला अॅपलचं चुकलं असं म्हणायला मालकाची आडकाठी नव्हती.

आज आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. त्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात बरंचसं कंपनीच्या जाहिरातीचंच बातमीत केलेलं रूपांतर. कुठली परवानगी द्यावी, कुठली नाकारावी, हे घरातल्या आजीला तिच्या भाषेत निर्भीडपणे सांगणारं पत्र कुठं आहे? पैसे कोण देणार, असं लगेच विचारलं जाईल. अहो, दिवाळी अंकाला आपण खुशीनं मोजतोच ना? त्यातलेच थोडे इकडं वळवायला काय हरकत आहे?

शंकररावांनी शेतकऱ्याला यंत्र मराठीत समजावलं. तो धागा पुन्हा उचलायला हवा. या खेपेला मात्र वाचकाच्या पैशानं.