माळ्यावरचा वारसा

स्विस घड्याळांच्या जाहिरातींत 'वारसा' हा शब्द इतक्या सढळ हाताने वापरला जातो की, तो कंपनीच्या तिजोरीतच जपलेला असावा असे वाटते! झेनिथची कथा वेगळेच सांगते.

ल लोकल या डोंगरी गावात १८६५ साली सुरू झालेल्या या कारखान्याने १९६९ मध्ये 'एल प्रिमेरो' हे यंत्र आणले. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे, तासाला ३६ हजार ठोके देणारे, सेकंदाचा दहावा हिस्सा मोजणारे. त्याच वर्षअखेरीस जपानच्या सेइकोचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आले आणि स्प्रिंग-चक्रांची विद्या हा हा म्हणता जुनाट ठरली. झेनिथ तोवर शिकागोच्या एका रेडिओ कंपनीच्या मालकीची झाली होती. १९७५ मध्ये वरून हुकूम सुटला : यांत्रिक घड्याळे बंद, हत्यारे मोडीत.

शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिराने तो मानला नाही. साचे, कॅम, कापणीची हत्यारे त्याने गुपचूप माळ्यावर नेऊन दडवली. १९८४ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले ते त्यांच्याच बळावर. १९८८ पासून चक्क रोलेक्सने आपल्या डेटोनासाठी हेच यंत्र सुधारून घेतले.

आज त्या माळ्याचे कंपनीला कोण कौतुक! असावेच. पण वारसा वाचला तो कंपनीच्या धोरणामुळे नव्हे, तिचा हुकूम मोडला गेला म्हणून, हे जाहिरातीत कसे लिहिणार? आणि व्हर्मोने नुसते लोखंड लपवले नव्हते. कोणते हत्यार कशासाठी, कोणत्या क्रमाने वापरायचे, हेही त्याने टिपून ठेवले होते.