पायलीची शीग

मार्गशीर्ष सरत आला की शहरातल्या मध्यमवर्गीय घरात भाजीच्या पिशवीला एकदम प्रतिष्ठा प्राप्त होते. ओला हरभरा, वालाच्या शेंगा, पावटे, गाजरे, नवा गूळ, बोरे, तीळ यांची रेलचेल असते. भोगीच्या भाजीत काय काय पडलेच पाहिजे, याची यादी घरातल्या वडीलधाऱ्या बायका तोंडपाठ सांगतात आणि एखादा जिन्नस राहिला तर घरधन्यास पुन्हा बाजारात पिटाळतात. आपल्या परिसरातले, आपल्या ऋतूतले अन्न खावे हा धडा आम्हांस कोणा परदेशी आहारशास्त्रज्ञाने शिकविण्याची गरज नव्हती. तो सुगडात घालूनच आम्हांस देण्यात आला होता. मध्यंतरीच्या काळात आम्ही तो विसरलो आणि आता पुन्हा गिरवू लागलो आहोत, ही समाधानाची गोष्ट आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरविण्याची मोहीम हाती घेतली. तेव्हापासून ज्याने पिकविले त्याच्याच हातून घेण्याची आवड शहरांत वाढत आहे. थंडीतल्या सकाळी कानटोपी घालून मेथीची जुडी निवडणारे निवृत्त गृहस्थ हे आता शहराच्या चित्रातले एक ठरलेले पात्र झाले आहे.

या बाजारांत आणि हिवाळी प्रदर्शनांत अलीकडे जंगलातल्या मालालाही जागा मिळू लागली आहे. कोसरी, कुटकी, रानातला मध, मोहाचे लाडू, आवळकंठी, चारोळी अशा जिनसांच्या नीटस पुड्या तेथे मांडलेल्या असतात आणि त्यांवर गडचिरोलीच्या जंगलाचे नाव छापलेले असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केल्यापासून तर कोसरीला डॉक्टरांच्या चिठ्ठीचे मोल आले आहे. गिऱ्हाईक पुडी उलटीसुलटी करून पाहतो, किंमत वाचतो, किंचित कचरतो आणि आदिवासी बांधवांस हातभार लागेल या विचाराने ती पिशवीत टाकतो. त्याचा हेतू चांगला आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ती पुडी भरण्यापूर्वी आतला माल कोणत्या मापाने मोजून घेतला गेला, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. आज आम्हांस नेमका तोच प्रश्न विचारावयाचा आहे आणि त्यासाठी वाचकांना भामरागडच्या बाजारात न्यावयाचे आहे.

भामरागड नागपूरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर आहे. आलापल्लीचे साग मागे टाकून साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून गेले की हे तालुक्याचे गाव लागते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या येथे एकत्र येतात, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. शहरातल्या वर्तमानपत्राच्या वाचकाला हे नाव ठाऊक असते ते बहुधा दोन बातम्यांमुळे: एक बंदुकीची आणि दुसरी पुराची. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले आणि गावाचा संपर्क तुटला, ही ओळ आम्हीच किती पावसाळे छापली असेल याचा हिशेब नाही. २०१९ च्या पावसाळ्यात तर ती पुनःपुन्हा छापावी लागली आणि त्या वेळी बाजारपेठेतही पाणी शिरले होते. या दोन बातम्यांपलीकडे आठवलेच तर जवळचे हेमलकसा आठवते, जेथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले आयुष्य घातले. पण भामरागडला एक आठवडी बाजारही भरतो आणि त्या बाजारात मराठी शहरांच्या जिभेचा एक धागा अडकलेला आहे, हे कोणाच्या ध्यानात नसते. कोजागरीच्या आटीव दुधावर आणि लग्नातल्या बासुंदीवर तरंगणाऱ्या चार चारोळ्या ज्या अरण्यांतून येतात, त्यांत हे अरण्य आहे.

हा बाजार खऱ्या अर्थाने फुलतो तो हिवाळ्यात. पावसाळ्यात नाले भरलेले, वाटा बुजलेल्या. उन्हाळ्यात माणसे मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्यात गुंतलेली. पौषात मात्र धान घरात आलेले असते, नद्यांना उतार पडलेला असतो आणि माडिया स्त्री-पुरुष पहाटेच्या धुक्यात कित्येक कोस चालून, कोणी डोंग्यातून नदी ओलांडून, बाजाराची वाट धरतात. डोक्यावरच्या टोपलीत नवे तांदूळ असतात, उडीद, कुळीथ, कोसरी असते, रानातून खणून आणलेले कंद असतात, आवळे, हिरडे, बेहडे असतात, नदीतले मासे असतात, ताजे आणि धुरावर वाळविलेले. पानाच्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी करण्यासाठी अंड्यांसकट मुंग्या असतात. शहरी माणूस त्या पाहून तोंड फिरवितो. (ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा उद्या हाच माणूस ती काचेच्या बरणीतून विकत घेणार नाही असे नाही.) वाळविलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, असतात, मोहाच्या बियांचे टोळीचे तेल असते, आणि उन्हाळ्यात जमवून गाडग्यात जपून ठेवलेली शेर-दोन शेर चारोळीही असते. घरात लग्नकार्य निघाले, आजारपण आले, की ती बाहेर काढावयाची, असा हिशेब असतो. समोरच्या ओळीत बाहेरून आलेले व्यापारी मीठ, मिरची, कांदे-बटाटे, तंबाखू, साबण, लुगडी, मण्यांच्या माळा आणि ॲल्युमिनियमची भांडी मांडून बसलेले असतात. खरेदी-विक्री हे तर निमित्तच. नात्यागोत्याच्या गाठी पडतात, सोयरीक जुळते, कोणाच्या गावात काय घडले ते कळते. माडियांना वृत्तपत्र नाही; बाजार हेच त्यांचे वृत्तपत्र आहे.

येथपर्यंत सारे रम्य आहे, आणि रम्य तेवढेच पाहून परतणाऱ्या पाहुण्यांची आपल्याकडे वाण नाही. परंतु टोपली घेऊन आलेली बाई व्यापाऱ्यापुढे बसली की बाजाराचे दुसरे रूप सुरू होते. पूर्व विदर्भात धान्य खंडी-कुडव-पायलीने मोजण्याची जुनी रीत आहे. पायली सपाट भरता येते आणि शीग लावूनही भरता येते. आदिवासीकडून घेताना माप शिगोशीग भरावयाचे, बाजूला सांडलेले दाणेही आपल्याच पोत्यात लोटावयाचे आणि देताना मात्र त्याच मापावरून हात फिरवून ते सपाट करावयाचे, हे कसब आडबाजारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. चारोळीच्या भारोभार मीठ देण्याची गोष्ट तर जंगलपट्ट्यातली म्हातारी माणसे आजही सांगतात. ज्या चारोळीला शहरात किलोमागे हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात, तिच्या बदल्यात मीठ! समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या मुलखात मिठावाचून चालत नव्हते आणि चारोळीवाचून चालत होते, एवढ्या एका अगतिकतेवर तो व्यवहार उभा होता.

कायदे झाले नाहीत असे मुळीच नाही. वजनमापांचा कायदा १९५६ साली आला, पुढच्या काही वर्षांत किलोग्रॅम देशभर सक्तीचा झाला आणि २००९ च्या कायद्याने हा विषय पुन्हा नव्याने बांधून काढला. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा कायदा करून सरकारने आदिवासी मालाच्या एकाधिकार खरेदीची वाट उघडली. २०१३ पासून गौण वनोपजाला हमीभावाची केंद्रीय योजनाही आहे. पण ज्या बाईला दोन शेर चारोळी विकून संध्याकाळच्या आत मीठ-मिरची घेऊन घर गाठावयाचे आहे, तिच्याजवळ खरेदी-केंद्र उघडण्याची वाट पाहावयास सवड नसते. व्यापारी तिच्या समोर बसलेला असतो, रोकड त्याच्या हातात असते आणि माप त्याचे स्वतःचे असते. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज काढले जाते. ते टनाटनाने काट्यावर चढते आणि त्याच्या प्रत्येक टनावर सरकार स्वामित्वधन मोजून घेते. त्याच जिल्ह्यातल्या एका बाईच्या पदरातली चारोळी मोजावयास मात्र चेपलेला डबा पुरेसा ठरावा, हे कोणत्या न्यायाने?

व्यापाऱ्याचीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. तो खराब रस्त्यांवरून गाडी घेऊन येतो, जेथे कोणी येत नाही तेथे दुकान मांडतो, पावसाळ्यात गाव तुटले की उधारी देतो. तो नसेल तर त्या आठवड्यात मीठ कोण आणणार? आम्हांस त्याला हुसकून लावावयाचे नाही. त्याने नफा घ्यावा. पण तो बोललेल्या भावातून घ्यावा, मापाच्या शिगेतून घेऊ नये. भाव ऐकू येतो, त्याला नाही म्हणता येते. मापातली चोरी ज्याला अंक वाचता येत नाहीत त्याला दिसतही नाही.

यावर उपाय शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली आहे. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली त्याने आपला बांबू आपल्या नावाने विकून दाखविला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचे लिलाव स्वतः केले. मोहफुलांच्या संकलनावरचे व वाहतुकीवरचे जुने निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली उठविले. तेव्हा अधिकार आहेत, अनुभवही आहे. उणीव आहे ती दोन अगदी सामान्य वस्तूंची. एक म्हणजे बाजाराच्या मधोमध ठेवलेला, ग्रामसभांच्या ताब्यातला, सरकारी शिक्क्याचा काटा, ज्यावर कोणालाही आपली टोपली फुकट तोलून घेता यावी. आणि दुसरी म्हणजे एक कोरडे, उंदीर-पुरापासून सुरक्षित कोठार, जेथे माल ठेवून त्यावर थोडी उचल मिळेल, म्हणजे गरजेच्या दिवशी मिळेल त्या भावाला तो फुंकून टाकावा लागणार नाही. एवढ्यासाठी एखाद्या महोत्सवाच्या मांडवाचा खर्चही पुरून उरेल.

आता थोडे आमच्याविषयी, म्हणजे शहरातल्या गिऱ्हाइकांविषयी. दुकानातल्या छापील किमतीपुढे आम्ही मान तुकवितो. जमिनीवर बसलेल्या बाईपुढे मात्र आमच्यातला अर्थशास्त्री जागा होतो. दहाच्या जुडीचे आठ करून घेतल्याचा विजय घरी येऊन सांगितला जातो, आणि वर कोथिंबीर फुकट! शीग लावण्याची खोड केवळ भामरागडच्या व्यापाऱ्याला आहे असे समजण्याचे कारण नाही. थंडीतल्या बाजारात जंगलातला माल घेताना तो कोणत्या ग्रामसभेकडून अथवा बचत गटाकडून आला आणि छापील किमतीतले किती रुपये गोळा करणाऱ्याच्या हाती पडले, एवढे दोन प्रश्न विकणाऱ्यास अवश्य विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर गडचिरोलीचे नाव त्या पुडीवर शोभेपुरते आहे असे खुशाल समजावे. उत्तर मिळाले, तर मात्र घासाघीस करू नये.

याहून अवघड अशी एक गोष्ट आहे आणि तिला आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. शहराला एखाद्या रानमेव्याची चटक लागली की जंगलात त्याची घाई सुरू होते. आपल्याआधी दुसरा कोणी नेईल या भीतीने चारोळीची फळे पिकण्यापूर्वीच ओरबाडली जातात, फांद्या तोडल्या जातात, आणि अशा झाडाखाली पुढे रोपही उगवत नाही. कोसरीचे दुखणे निराळेच. स्वस्त धान्य दुकानातला तांदूळ, जो जानेवारी २०२३ पासून फुकट मिळू लागला, उपासमारीच्या दिवसांत मोठाच आधार आहे आणि त्याविरुद्ध बोलण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण त्या तांदळाने ताटातली कोसरी हळूहळू मागे सारली आणि शहराने नेमकी तेव्हाच तिची महती ओळखली. पांढरा भात माडियाच्या पोराने खावा आणि लोह-तंतूंनी युक्त अशी कोसरी मधुमेही नागपूरकराने खावी, अशी ही अदलाबदल आहे. पूर्वी चारोळीच्या बदल्यात मीठ जात असे, हे आठवले की चैन पडत नाही. ग्रामसभेने आधी गावाच्या आणि आश्रमशाळांच्या पोटापुरते ठेवून उरलेले विकावे, झाड पिकेपर्यंत त्याला हात लावू नये, असा नियम गावेच करू शकतात. तो नियम पाळणे त्यांना परवडावे इतका भाव देणे हे आमच्या हाती आहे. कमी माल, पक्का माल आणि पुरती किंमत, असा सौदा शहराने पत्करला पाहिजे. वर्षातून चार वेळा बासुंदी करणाऱ्या घराला तो जड जाऊ नये.

पौषाचा बाजार उन्हे उतरू लागताच मोडतो. अंधारापूर्वी जंगलातली वाट कापावयाची असते, म्हणून माणसे टोपल्या आवरतात आणि मिठाचा पुडा वर ठेवून चालू लागतात. फाल्गुनात मोह गळू लागेल, वैशाखापर्यंत चारोळी पिकेल आणि गाडगी पुन्हा भरतील. पर्लकोटेचे पाणी चढण्यास अजून पाच-सहा महिने आहेत, तोवर रस्ता उघडा आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी आणि वैध मापन खात्याने मनात आणले, तर शिक्क्याचे काटे मोह गळण्याच्या आत भामरागडला पोचतील.