जहाजाचा तळ कोण बघतो?

केरळमधल्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) परदेशी पाठवायच्या, तर सोललेल्या मांसाच्या एका किलोत १४०० पेक्षा जास्त नग भरता कामा नयेत. जास्त भरले, तर तिसरी लहान, वाढ पुरी न झालेली. म्हणजे ती काढायलाच नको होती. जाळ्याची आस ३० मिलिमीटर हवी. डिसेंबर ते फेब्रुवारी विणीचा काळ, तेव्हा तिसऱ्यांना हात लावायचा नाही. १९९१ मध्ये वर्षाला दहा हजार टनांवर गेलेले उत्पादन १९९३ पर्यंत निम्म्यावर आले, तेव्हा हे नियम झाले. होडीतून खोरे ओढणाऱ्यांनी ते पाळले. सलग तीन महिन्यांची कमाई सोडून देणे हातावर पोट असलेल्या माणसाला किती जड जाते, हे सांगायला नको. ते नियम पाळल्याचे फळ म्हणून २०१४ मध्ये अष्टमुडीला ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’चे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी.

आणि मग तिथे एक काळा शिंपला आला.

शास्त्रज्ञ त्याला मायटेला स्ट्रिगाटा म्हणतात, अष्टमुडीचे मच्छीमार ‘वरत्तन कक्का’, म्हणजे उपरा शिंपला. मूळ मुक्काम मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण किनारा. दिसायला आपल्या शिनाण्यांच्या जातीचा, आकाराने लहान. जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा झाला की विणीला येतो. चिवट धाग्यांनी खडकाला, खांबाला, जाळ्याला, एकमेकांना चिकटतो. चिकटायला काही मिळाले नाही, तर चिखलावरच गोधडीसारखा थर धरतो. तिसरी वाळूत बोटभर खोल बसते आणि दोन बारीक नळ्या वर काढून पाणी आत घेते, त्यातूनच खाते, त्यातूनच श्वास घेते. वर गोधडी पसरली की नळी बाहेर निघत नाही. खाली तिसरी गुदमरून मरते. खडकावरच्या कालवांचीही तीच गत. त्यांच्या पाठीवर हा चढतो आणि नवे कालव बसायला जागा उरत नाही.

२०१८ च्या सुमारास अष्टमुडीत तो बेसुमार वाढलेला दिसला. नंतर केरळच्या इतर खाड्यांतही सापडला. चेन्नईजवळ एन्नोर आणि पुलिकतच्या पाण्यात त्याने कोळंबीच्या जागा झाकून टाकल्या. तिथल्या मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठावावे लागले.

याचे कारण विचारले की हल्ली एक उत्तर तयार असते: हवामानबदल. उत्तर खोटे नाही. तिसरी खाऱ्या पाण्याची. पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळला की नद्यांचे लोंढे खाडीत शिरतात, पाण्याचा खारेपणा एकदम उतरतो आणि तिसऱ्या मोठ्या संख्येने मरतात. या उपऱ्याचे तसे नाही. जवळजवळ गोड पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत त्याला सगळे चालते. अरबी समुद्रात वादळे वाढताहेत. नोव्हेंबर २०१७ अखेरच्या ओखी वादळानंतर हा शिंपला अष्टमुडीत फोफावला, असा अभ्यासकांचा कयास आहे. पाठोपाठ २०१८ चा महापूर आला. तापलेल्या, बेभरवशाच्या हवामानात देशी जात खचते आणि सोशिक परकी जात मोकळी जागा बळकावते, हे खरेच आहे.

पण हे अर्धे उत्तर आहे. वादळाने जागा मोकळी केली. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा शिंपला त्याने अष्टमुडीत आणून सोडला नाही. ते काम जहाजांचे. जहाजाच्या टाक्यांत तोलासाठी भरलेले पाणी आणि जहाजाचा पाण्याखालचा तळ, याच त्याच्या वाटा. हवामानबदलावर बोट ठेवले की कुणालाच जाब विचारावा लागत नाही, म्हणून ते उत्तर इतके सोयीचे झाले आहे.

तोलाच्या पाण्यासाठी निदान आंतरराष्ट्रीय करार आहे. तो २०१७ पासून लागूही झाला. तळाचे काय? जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्या जिवांबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या. सूचनाच. पाळल्या तर पाळल्या. म्हणजे अष्टमुडीत होडीवाल्याच्या तिसऱ्या किलोत मोजून घ्यायच्या आणि हजारो चौरस मीटरचा शेवाळलेला तळ घेऊन येणाऱ्या जहाजाला, तू शेवटचा कधी खरवडलास, एवढेही विचारायचे नाही. तीस वर्षे नियम पाळलेल्या माणसाला आपण याहून वाईट वागणूक देऊ शकत नाही.

करता येत नाही, असे म्हणायलाही जागा नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या तीन नौकातळांत असाच एक काळ्या पट्ट्यांचा अमेरिकी शिंपला सापडला. खासगी नौकांच्या तळाला चिकटून आलेला. सरकारने काही दिवसांतच तिन्ही नौकातळ बंद केले, तिथून बाहेर पडलेल्या शेकडो नौका शोधून तपासल्या आणि पाण्यात क्लोरीन व मोरचूद सोडून महिन्याभरात तो संपवला. वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च आला. आतले बाकीचे जीवही मेले, ही किंमत लहान नव्हती. शिवाय त्या नौकातळांना बंद करता येणारे दरवाजे होते, म्हणून ते साधले. उघड्या खाडीत असे विष ओतता येत नाही. शिंपला एकदा खाडीत शिरला की उपाय संपतात. जो काही इलाज आहे तो बंदराच्या तोंडाशी, तो येण्याआधी.

हाच पट्टेरी शिंपला विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ मध्येच सापडला होता. त्यानंतर काही वर्षांत मुंबईच्या गोदीतही. त्या वेळी कुणी दरवाजे लावले नाहीत. तो आजही आपल्याकडे आहे. इतक्या जुन्या इशाऱ्यानंतर मायटेला आला, तेव्हा त्याला ‘अनपेक्षित’ म्हणणे बरोबर नाही.

तो खाण्याजोगा आहे, तर खाऊन संपवा, असेही सुचवले जाते. त्याचे मांस विकले जाऊ लागले की त्याच्यावर पोट भरणारी माणसे तयार होतील, आणि मग तो संपावा असे त्यांना का वाटेल? खाणे हा निर्मूलनाचा कार्यक्रम नव्हे.

हे सगळे महाराष्ट्रात लिहिण्याचे कारण सरळ आहे. रत्नागिरीच्या काळबादेवी आणि भाट्येच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात वाकून बायका ज्या तिसऱ्या वेचतात, त्या अष्टमुडीच्या तिसऱ्यांच्याच कुळातल्या. त्यांच्यासाठी ना बंदी काळ, ना प्रमाणपत्र, ना नियमित नोंद. उद्या त्या चिखलावर काळा थर चढला, तर नुकसान किती झाले हे सांगायला पुरेसे कागद सापडणार नाहीत. आणि याच किनाऱ्यावर मुंबई, जेएनपीए, जयगड ही बंदरे चालू आहेत. वाढवणचे प्रचंड बंदर उभे राहते आहे. या किनाऱ्याकडे येणारी जहाजे वाढणार आहेत.

न्यूझीलंडने २०१८ पासून स्वच्छ तळाची अट घातली आहे. तळ कधी साफ केला, कोणता रंग लावला, याचे कागद जहाजाने दाखवायचे. नसतील, तर सरकार त्याला अडवू शकते. ऑस्ट्रेलियाही २०२२ पासून जहाज येण्याआधीच ही माहिती मागते. आपल्या बंदरांनीही ती मागावी. वाढवणच्या धक्क्याला पहिले जहाज लागण्यापूर्वी ही अट लिहिली जावी, आणि खर्च जहाजमालकाने सोसावा. सोबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांची एकदा नीट पाहणी व्हावी: कुठे काय आहे, किती आहे. मत्स्यव्यवसाय खात्याने ती येत्या पावसाळ्याआधी हाती घ्यावी.