एका लेखिकेने जपलेली पत्रे

वाचकहो, आपल्या आजीच्या वा पणजीच्या हातचे एखादे पत्र घरी जपून ठेवलेले आहे काय? नसल्यास त्याचे कारण पुष्कळदा एकच असते : त्यांना कोणी लिहावयास शिकविलेच नव्हते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडात मेरी अ‍ॅन इव्हान्स या विदुषीने ‘जॉर्ज एलियट’ असे पुरुषी नाव धारण करून कादंबऱ्या लिहिल्या. त्याच काळात आपल्याकडील स्त्रीपुढे प्रश्न नावाचा नव्हता, अक्षरओळखीचाच होता. १८६१ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील अष्टे येथे जन्मलेल्या काशीबाई कानिटकर यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, तेव्हा त्यांना शालेय शिक्षण मुळीच नव्हते. पती गोविंदराव साहित्याचे भोक्ते व स्वतः कवी. त्यांच्या प्रोत्साहनाने काशीबाई सासरी शिकल्या. मराठी, संस्कृत व इंग्रजी ग्रंथ वाचू लागल्या आणि पुढे स्वतः लिहू लागल्या. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ साली ग्रंथरूपाने निघाली. १९२८ सालच्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये तर संस्थानाचा कारभार स्वतः हाती घेणारी नायिका त्यांनी रंगविली. ज्या मुलीला पाटी मिळाली नाही, तिने आपल्या नायिकेच्या हाती राज्य दिले!

परंतु त्यांच्या एका कामाबद्दल आपण विशेष ऋणी असावे. अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच निवर्तल्या. १८८८ साली कॅरोलिन डॉल या अमेरिकन विदुषीने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. ते मराठी घरांत कितीसे वाचले जाणार? ही उणीव काशीबाईंनी भरून काढली. आनंदीबाईंच्या पत्रांच्या आधारे त्यांनी मराठीत चरित्र लिहिले. त्यामुळे आनंदीबाई नुसत्या कौतुकाचा विषय न राहता मराठी वाचकांशी स्वतःच्या शब्दांत बोलू लागल्या.

येथे दिल्लीत रोज भाषांतराचे काम करताना मला एक गोष्ट वारंवार जाणवते. माणसाची हकीकत दुसऱ्याला सांगता येते. त्याचा आवाज मात्र त्याच्या पत्रांतच राहतो. काशीबाईंनी हे ओळखले होते. पुढे त्यांचे स्वतःचे आत्मचरित्रही सरोजिनी वैद्य यांनी संपादून वाचकांपुढे आणले. एकीने दुसरीचे शब्द जपले, तिचे तिसरीने.

आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आज बोलत आहेत. त्यांच्या जवळ बसा, विचारा, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. वही कोणतीही चालेल; विलंब मात्र चालणार नाही.