पृथ्वी आपोआप सावरेल काय?

पृथ्वीचे हवामान पूर्वीही अनेकदा पालटले व पुन्हा स्थिरावले. मग आजच्या तापमानवाढीची एवढी चिंता कशासाठी, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. या आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र फसवा आहे, आणि त्याची साक्ष जबलपूरचे दगड देतात.

जबलपूरच्या छावणीतील सदर बाजार पुष्कळांस ठाऊक असतो. त्याच शहरात बडा शिमला नावाची टेकडी आहे. कॅप्टन विल्यम स्लीमन यांना तेथे १८२८ साली प्रचंड प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडली. पुढे ती डायनोसॉरची ठरली. हाडे ज्या लमेटा थरांत होती, त्यांवर काळ्या पाषाणाचे आच्छादन आहे. सह्याद्रीचे कडे याच पाषाणाचे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसापासून तो बनला.

त्या उद्रेकांबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायूही हवेत मिसळला. हा वायू सूर्यप्रकाशास आत येऊ देतो. परंतु तापलेल्या जमिनीतून परत जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग अडवितो. पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च मग जुळत नाही. जमेची बाजू वाढते. या तफावतीस ‘रेडिएटिव्ह फोर्सिंग’ म्हणतात. पृथ्वी तापून अधिक उष्णता बाहेर टाकू लागते, तेव्हाच जमाखर्च पुन्हा जुळतो.

हवेतील या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास दर चौरस मीटरमागे सुमारे ४ वॉट तफावत पडते. इतर काहीच न बदलता तापमान सुमारे १.२ अंशाने वाढेल. परंतु इतर पुष्कळ बदलते. उष्ण हवेत बाष्प अधिक मावते, दर अंशामागे सुमारे ७ टक्के. आणि बाष्पही उष्णता अडविते. शुभ्र बर्फ वितळले की खालचा गडद समुद्र उघडा पडतो व अधिक ऊन शोषितो. अशा रीतीने परिणाम आपल्या कारणासच बळ देतो, आणि वाढ सुमारे ३ अंशांवर जाते.

याच्या उलट, तापमान सावरणारा प्रतिसादही निसर्गात आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते. ते काळ्या पाषाणास झिजविते. झिजेतून सुटलेले क्षार नर्मदा व गोदावरी समुद्रास नेतात, आणि अखेर तो कार्बन चुनखडीत बंदिस्त होतो. हवा जितकी उष्ण व पाऊस जितका अधिक, तितकी ही झीज अधिक. विदर्भ-मराठवाड्यातील काळी कसदार जमीन याच झिजेचे फळ होय.

तेव्हा पृथ्वी सावरते, हे खरे. पण त्यास लक्षावधी वर्षे लागतात. उलट बाष्पाचा प्रतिसाद काही दिवसांत उमटतो, समुद्रावरील बर्फाचा काही दशकांत. तापविणारे प्रतिसाद धावतात, सावरणारा रांगतो. इकडे माणसाने अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत हवेच्या दर दहा लक्ष भागांतील या वायूचे प्रमाण सुमारे २८० वरून ४२० च्या पुढे नेले आहे.

शेतकऱ्याचा हिशेब तर एका हंगामाचा असतो. मार्च २०२२ मधील अवेळी उष्णतेने उत्तर भारतात गव्हाचा दाणा बारीक राहिला, आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबविली. एका महिन्याच्या उष्णतेची ही किंमत. ज्या घरात त्या वर्षी पीक उतरले नाही, त्या घरास पृथ्वी लक्षावधी वर्षांनी सावरेल हे सांगून काय उपयोग?

पाषाणाच्या भरवशावर कोळसा व तेल जाळीत राहणे म्हणजे नातवंडांच्या नावे कर्ज काढून ते फेडण्याचे काम डोंगरावर सोपविणे होय. मानवी आयुष्याच्या मापाने फळ देणारा उपाय एकच आहे, आणि तो माणसाच्याच हाती आहे : हा वायू हवेत सोडणे झपाट्याने कमी करणे. पृथ्वी आपल्या गतीने सावरेल; तोवर माणसाची शेते, गावे व नद्यांकाठची शहरे टिकावीत, एवढाच खरा प्रश्न आहे.