वचक नेमका कुणावर?

‘पोलिसानं गावात फार मिसळू नये, वचक जातो,’ असं निवृत्त अधिकारी सांगतात आणि तालुक्याच्या गावातले प्रतिष्ठितही माना डोलावतात. हा वचक खरा असता, तर वाळूचे ट्रॅक्टर रात्री ठाण्यासमोरून बिनदिक्कत गेले नसते. ठाण्याची पायरी चढताना बिचकते ती नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई. वाळूवाल्याला साहेबांच्या गाडीची वेळ पाठ असते. पोलीस गावात मिसळतोच. कुणात मिसळतो, एवढाच वाद आहे.

दुसरा आक्षेप शांतता समित्यांवर आहे, आणि तो रास्त आहे. गणपती-मोहरमच्या तोंडावर तीच कडक इस्त्रीची मंडळी, तोच चहा, तीच भाषणं. पण त्यावरून ‘लोकांना सोबत घेण्याचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी भिवंडीकडे पाहावं. 1970 आणि 1984च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988मध्ये मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी माणसं पोलिसांबरोबर नियमित बसू लागली. 1992-93मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. भिवंडी यंत्रमागांचं शहर, खेडं नव्हे, हे मान्य. पण गावात तर माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात. तिथं हे काम अवघड का व्हावं?

तंटामुक्त गाव मोहिमेचं मात्र मला सरसकट कौतुक करवत नाही. 2007 साली सुरू झालेल्या या मोहिमेनं बांधावरची कित्येक भांडणं कोर्टाबाहेर मिटवली असतील. पण तंटा मिटला की बक्षीस, असं म्हटल्यावर ‘गावाची अब्रू जाईल’ म्हणून दुबळ्यालाच गप्प बसवण्याचा मोह वाढतो. तक्रारींचा आकडा शून्यावर आला म्हणजे गावात विश्वास आहे, असं कुणी सांगावं?

विश्वास बसतो तो बीट अंमलदारामुळे, म्हणजे ठरावीक गावं सोपवलेल्या हवालदारामुळे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार ठाण्यातल्या निरीक्षकाचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, शिपाई-हवालदारांचा एका जागी पाच वर्षांचा. म्हणजे गाव ओळखायला सवड हवालदारालाच. त्यालाच आपण मंत्र्यांचा दौरा, यात्रा, निवडणूक अशा बंदोबस्तांवर फिरवत ठेवतो आणि बीटची वही ठाण्यात बसून भरून घेतो. वचकाची काळजी वाहणाऱ्यांनी आधी त्याला बंदोबस्तातून मोकळं करून आठवड्यातले ठरावीक दिवस बीटवर पाठवावं. आणि तिथं त्यानं सरपंचाच्या ओसरीवर बसण्याआधी गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक चक्कर मारावी.